तोळाभर शिसे

तोळा हे वजन आपल्या घराघरांत सोनाराच्या तराजूमुळे परिचित आहे. तोळ्याचा उच्चार झाला की डोळ्यांपुढे सोने येते, शिसे येत नाही. परंतु ज्या इंग्रजी अमदानीत १८३३ साली तोळ्याचे वजन १८० ग्रेन असे कायम झाले आणि १८३५ पासूनचा चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा पाडला जाऊ लागला, त्या अमदानीत ग्रेनचे माप आणखी एका जिनसेस लागत होते. ती जिन्नस म्हणजे बंदुकीची गोळी. मध्यम आकाराच्या शिकारी रायफलींत जिचे नाव सर्वांत अधिक घेतले जाते, त्या सात मिलिमीटरच्या रायफलीची मूळची जड गोळी १७३ ग्रेनची होती. म्हणजे रुपयाहून सुमारे पावणेचार गुंजा कमी. पुढे तिच्याच जागी जी हलकी गोळी आली ती १४० ग्रेनची. या दोहोंतील अंतर साडेसतरा गुंजांच्या आसपास भरते. एवढ्याशा शिशासाठी शिकारी मंडळींत अर्धशतकाहून अधिक काळ वाद चालला, पुस्तके लिहिली गेली, आणि घरच्या मेजावर काडतुसे स्वहस्ते भरून आपापली मते पडताळून पाहणाऱ्यांचा एक वर्गच निर्माण झाला.

आम्ही शिकारी नव्हे, आणि शिकारीचे गुणगान करावे असाही आमचा हेतु नाही. तथापि गोंदिया जिल्ह्याच्या भूमीचा इतिहास पाहू जाता या वादाकडे डोळेझाक करणे आम्हास योग्य वाटत नाही. वैनगंगा, बाघ, चुलबंद व गाढवी या नद्यांच्या मधली ही भूमि तलावांची, धानाच्या बांध्यांची आणि बांध्यांना लागूनच सुरू होणाऱ्या रानाची. साग, ऐन, बीजा, धावडा, मोह आणि बांबू यांच्या या रानात वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, सांबर, रोही यांची वस्ती. १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा निघालेला हा जिल्हा आज नागझिरा व नवेगाव या दोन नावांनी सर्वत्र ओळखला जातो. या रानात कोणती गोळी जावी, ती किती वजनाची असावी, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न एका काळी हाकाऱ्यास जाणाऱ्या गोंडाच्या जिवाशी निगडित होता. गोळीच्या वजनाचा इतिहास म्हणजे एका परीने माणसाने दुसऱ्या जिवाविषयी मानलेल्या जबाबदारीचा इतिहास आहे. ती जबाबदारी कोठवर पोहोचली व कोठे थांबली, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

प्रारंभी प्रत्येक शिकारी आपला बार आपणच भरीत असे. तोड्याची बंदूक असो वा पुढे आलेली टोपीची, नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी घालायची आणि गजाने ठासायची, हा सर्वांचा परिपाठ. ‘ठासणीची बंदूक’ हे नाव त्यावरूनच पडले. गोळी घरीच साच्यात ओतली जाई. बंदुकीच्या नळीचे मापही वजनावरूनच सांगत: एक पौंड शिशाच्या ज्या नळीत बसतील अशा बारा समान गोळ्या होतात ती ‘बारा बोअर’ची. पौंड म्हणजे ७००० ग्रेन, अर्थात आपल्या जुन्या ८० तोळ्यांच्या शेराच्या अर्ध्याहून किंचित कमी. त्या हिशेबाने बारा बोअरची एक गोळी सव्वातीन तोळ्यांच्या घरात जाते. बोअर हा शब्द आजही आपल्या खेड्यापाड्यांत बोलला जातो; परंतु तो मुळात एका गोळीच्या वजनाचा वाचक आहे, हे बोलणाऱ्यांच्या सहसा ध्यानात नसते.

या काळी मध्य प्रांतांत एक इंग्रज अधिकारी होऊन गेला, त्याचे नाव जेम्स फोर्सिथ. निमाड येथे त्याने जमाबंदीचे व जिल्ह्याच्या कारभाराचे काम केले. १८६२ साली पचमढीच्या पठारावर त्याने बांधलेले घर प्रसिद्ध आहे. गोंदियाच्या उत्तरेस पसरलेल्या सातपुड्याच्या रांगा व मंडल्याकडील सालाची रानें त्याने पायाखाली घातली आणि तेथील गोंड व कोरकू लोकांविषयी विस्ताराने लिहिले. ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा त्याचा ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला; त्याच वर्षी, ग्रंथ बाहेर पडण्यापूर्वीच, तो वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी मरण पावला. हा ग्रंथ इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक असतो. परंतु त्यापूर्वी त्याने शिकारी रायफल व तिच्या गोळ्या या विषयावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, ते मात्र बंदुकीच्या जाणकारांबाहेर फारसे कोणी वाचीत नाही.

फोर्सिथचा मुद्दा थोडक्यात असा. त्या वेळच्या लष्करी एन्फील्ड रायफलीत लांबट, टोकदार गोळी वापरीत. ती ५३० ग्रेनची, अर्थात तीन तोळ्यांस थोडी कमी. पण तिची गति मंद. मंद गोळी वाटेत फार खाली येते. साठ पावलांचे जनावर नव्वद पावलांवर आहे असा नजरेचा भ्रम झाला तर नेम वरून वा खालून चुकतो, आणि जनावर मरण्याऐवजी जखमी होऊन झाडीत शिरते. म्हणून फोर्सिथने गोल गोळीचा पुरस्कार केला. ती मोठ्या बोअरची असावी, तिच्यामागे भरपूर दारू असावी, आणि नळीच्या आतील आट्यांचा पीळ अगदी सैल असावा. शंभराहून अधिक इंच लांबीत एक फेरा पुरे, असे त्याचे माप होते. असे केल्याने गोळी आटे सोडून घसरत नाही आणि दारूचा जोर पुरता घेता येतो. त्याच्या साऱ्या युक्तिवादाचा रोख एकच होता: शिकाऱ्याचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी मर्मावर लागली पाहिजे.

फोर्सिथच्या मागून आलेल्या पिढीने मात्र वेगाचा अर्धाच धडा घेतला. ‘एक्स्प्रेस’ या नावाने ज्या रायफली निघाल्या त्यांचे नावच आगगाडीवरून घेतलेले. त्यांत दारू पुष्कळ, परंतु गोळी हलकी आणि पुढून पोकळ. हरणावर व चितळावर ती विलक्षण परिणामकारक ठरे. पण जाड चामड्याच्या व भक्कम हाडांच्या जनावरावर ती वरच्या वर फुटून जाई आणि खोल घाव होत नसे. नाईलच्या शोधामुळे विख्यात झालेला सॅम्युएल बेकर हा या पोकळ गोळीचा कट्टर विरोधक. १८९० सालच्या आपल्या ग्रंथात त्याने भरीव शिशाच्या ६४८ ग्रेनच्या, म्हणजे तीन तोळे सात मासे भरणाऱ्या, गोळीची शिफारस केली आहे. जनावराच्या अंगात शिरल्यावर गोळीने रुंद व्हावे, पण तिचे तुकडे होऊ नयेत, असे त्याचे सूत्र होते. एव्हाना नळीच्या मागल्या बाजूने भरायची पितळी काडतुसे आली होती. तरीही बार भरण्याचा अधिकार शिकाऱ्याच्या हातून गेला नव्हता. बंदुकीच्या पेटीत साचा, दारू मोजण्याचे माप व टोपी बसवण्याचे हत्यार ठेवलेले असे, आणि उडालेले काडतूस फेकून न देता पुन्हा भरले जाई.

यानंतर जो मोठा पालट झाला तो रसायनशास्त्रामुळे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूर न करणारी दारू सिद्ध केली. इंग्रजांनी पाच वर्षांत आपली ‘कॉर्डाइट’ काढली. काळ्या दारूच्या दुपटीच्या आसपास गति देणाऱ्या या नव्या दारूमुळे नळी बारीक झाली, गोळी बारीक व लांब झाली, आणि नुसत्या शिशाऐवजी तिला धातूचे कवच द्यावे लागले. जर्मनीतील माउझरच्या कारखान्यात तयार झालेले व १८९३ साली स्पेनच्या लष्कराने स्वीकारलेले सात मिलिमीटरचे काडतूस हे या नव्या युगाचे उत्तम उदाहरण. त्याचे पितळी घर ५७ मिलिमीटर लांब, आणि गोळी आरंभी सांगितल्याप्रमाणे १७३ ग्रेनची, गोल नाकाची. लंडनच्या रिग्बी कंपनीने पुढे याच काडतुसास ‘२७५’ असे इंग्रजी नाव देऊन १४० ग्रेनच्या टोकदार गोळीसह ते विकण्यास आरंभ केला.

आता वादाचे मर्म पाहू. जड गोळी सेकंदास सुमारे २३०० फूट वेगाने निघते, हलकी २७०० फुटांच्या आसपास. कागदावर हिशेब केला तर हलक्या गोळीची ऊर्जा अधिक भरते, कारण ऊर्जेच्या गणितात वेगाचा वर्ग होतो. तिचा मार्गही अधिक सपाट. मग जड गोळीचा आग्रह कशासाठी? याचे उत्तर आपल्या शेतकऱ्यास पुस्तकाशिवाय कळेल. पहार व दगडाचा गोटा यांचे वजन सारखे असले तरी जमिनीत खोल जाते ती पहार. कारण तिचे सारे वजन एका लहानशा टोकामागे उभे असते. गोल गोळी जड करायची तर ती जाडही करावी लागते, आणि जाडीबरोबर तिच्या वाटेतला अडथळाही वाढतो. लांबट गोळीचे तसे नाही. तिची जाडी तीच ठेवून केवळ लांबी वाढवली की वजन वाढते आणि अडथळा होता तेवढाच राहतो. सात मिलिमीटरच्या नळीत १४०च्या जागी १७३ ग्रेन घालणे म्हणजे पहार वीतभर लांब करण्यासारखे आहे. ती हाड फोडून सरळ आत जाते. स्कॉटलंडच्या बेल नावाच्या शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले. त्यांतील बहुसंख्य याच काडतुसाच्या जड, पूर्ण कवचाच्या गोळीने. त्याची नेमबाजी असामान्य होती हे खरे. पण गोळी वाटेत वळली वा फुटली असती तर ती नेमबाजी व्यर्थ गेली असती.

परंतु जड गोळी बसवणे म्हणजे काडतुसाची एक गोळी काढून दुसरी घालणे नव्हे. लांब गोळी हवेत डळमळू नये म्हणून तिला अधिक वेगाने फिरवावे लागते. किती पीळ लागेल याचे गणित १८७९ साली वुलिच येथील प्राध्यापक ग्रीनहिल यांनी मांडले. फोर्सिथच्या गोल गोळीस शंभर इंचांत एक फेरा पुरत होता. माउझरच्या लांब गोळीस पावणेनऊ इंचांच्या आतच एक फेरा लागतो. दुसरे असे की जड गोळी नळीत सहज सरकत नाही, म्हणून तिच्यामागे दारूचा दाब वाढतो. तेव्हा वजन वाढवायचे तर दारू कमी केली पाहिजे. तिसरी गोष्ट आपल्या हवेची. कॉर्डाइट उन्हाने तापली की तिचा दाब आणखी चढतो. वैशाखात जेथे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो त्या वैनगंगेच्या खोऱ्यात विलायतेच्या थंडीत बेतलेला बार धोक्याचा ठरे. म्हणून विलायती कारखानदार उष्ण देशांसाठी कमी दारूची काडतुसे वेगळी बनवीत. म्हणजे गोळी जड करण्याचे स्वातंत्र्य दिसते तितके मोकळे नव्हते. एका बाजूस हाड व चामडे, दुसऱ्या बाजूस पितळ व पोलाद, आणि डोक्यावर ऊन, या तिहींच्या मध्ये ते बसवावे लागे.

स्वतः काडतुसे भरणाऱ्याचे कौशल्य ते हेच. अमेरिकेत ही विद्या घरगुती छंदाच्या रूपाने फोफावली. तेथे १८८४ साली निघालेल्या आयडियल नावाच्या कंपनीने साचे, मापे व माहितीपुस्तिका घरोघर पोहोचवल्या, आणि १९३७ साली फिलिप शार्प याचा या विषयावरचा मोठा ग्रंथ निघाला. या छंदातील तराजू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो. म्हणजे गुंजेचे जवळजवळ एकोणीस भाग करावेत तेव्हा त्यातला एक. आमच्या सोनारांनीही हेवा करावा असे हे तोलणे आहे. उत्साहापायी दारू दोन ग्रेन अधिक घालणारा स्वतःचा डोळा गमावू शकतो, म्हणून या विद्येत धीर व नेमकेपणा यांस सर्वांत मोठा मान.

गोंदियाच्या रानास कोणती गोळी योग्य, याचे उत्तर या साऱ्यातून आपोआप निघते. हिमालयाच्या कड्यावर वा आल्प्सच्या उतारावर तीनशे पावलांवरचे जनावर मारायचे तर सपाट मार्गाची हलकी गोळी हवी. पण बांबूच्या बेटात, पाणवठ्याजवळच्या मचाणावरून किंवा हाकाऱ्यात जनावर दिसते ते तीस, चाळीस, फार तर साठ पावलांवर. तेवढ्या अंतरात मार्गाच्या सपाटपणाचा काही लाभ नाही. पाहिजे ती खोली. हलकी व वेगवान गोळी जवळून लागली तर उलट अधिक फुटते. म्हणून मध्य प्रांताच्या रानात जड गोळीचा आग्रह धरणारे जुने शिकारी केवळ सनातनी नव्हते. त्यांच्या पायाखालच्या जमिनीनेच तो धडा त्यांस दिला होता.

येथवर हा विषय पदार्थविज्ञानाचा झाला. यापुढे तो नीतीचा होतो. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात पुढचे कवच उघडे ठेवलेली, अंगात शिरताच पसरणारी गोळी तयार झाली. माणसावर ती चालवणे क्रूरपणाचे आहे म्हणून १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळीस मनाई केली. शिकारीत मात्र तीच गोळी दयेची समजली गेली, आणि तशी समजूत सकारणही होती; कारण जनावर जागच्या जागी पडावे, लंगडत जाऊन चार दिवसांनी झुडपात मरू नये, हे तिने साधते. एकच वस्तू माणसास क्रूर व जनावरास दयाळू कशी? युद्धात शत्रू निकामी झाला की काम भागते, त्याने बरे होऊन घरी जावे हीच माणुसकी. शिकारीत मृत्यु अटळ धरलेला आहे, तेव्हा तो लवकर यावा एवढीच दया शिल्लक राहते. ही दया अल्प आहे. पण ज्या काळी शिकार सर्वमान्य होती त्या काळी ही एवढीच मर्यादा शिकाऱ्यास बांधीत होती, हे नाकारता येत नाही.

ती मर्यादा मोडली की तिचा दंड कोण भरी? जखमी वाघाच्या मागावर झाडीत शिरणाऱ्यांत साहेबाबरोबर गावचा वाटाड्या असे, आणि हाकाऱ्यात तर ढोल, डबे व काठ्या घेऊन चालणारे सारे गावचेच. साहेबाच्या हाती दुनळी रायफल. हाकारा करणाऱ्याच्या हाती कुऱ्हाड. उथळ लागलेल्या एका गोळीचे व्याज त्यास आपल्या रक्ताने फेडावे लागण्याचा संभव. कुमाऊँतील चंपावतच्या वाघिणीची हकीकत या बाबतीत डोळे उघडणारी आहे. तिने ४३६ माणसे मारल्याची नोंद जिम कॉर्बेटने आपल्या १९४४ सालच्या प्रसिद्ध ग्रंथात दिली आहे. १९०७ साली त्याने तिला मारले तेव्हा तिचे उजवीकडचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले. कोणाच्या तरी जुन्या गोळीची ती खूण होती, आणि तीमुळेच नेहमीचे भक्ष्य मारणे तिला अशक्य झाले, असे त्याचे मत. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर हेवेट यांनी त्यास जी रायफल भेट दिली ती रिग्बीची ‘२७५’, म्हणजे आपली सात मिलिमीटरचीच. एका चुकलेल्या गोळीने केलेल्या अनर्थाचा शेवट केल्याबद्दल दुसरी बंदूक इनाम मिळावी, यात इतिहासाचा एक कडवट विनोद आहे. तथापि त्यातला बोध स्पष्ट आहे. ज्याने ती पहिली गोळी झाडली तो बहुधा घरी सुखरूप पोहोचला. मेली ती डोंगरातली गवत कापणारी माणसे.

गोळी निवडण्याचा अधिकार सर्वांस सारखा असता तर गोष्ट वेगळी. १८७८च्या शस्त्रकायद्याने एतद्देशीयांस परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांस मोकळीक दिली. लष्करी मापाच्या काडतुसांवर पुढे निर्बंध आले. बंडखोरांच्या हाती सरकारी गोळ्या पडू नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी ४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणण्यास मनाई झाली, तेव्हा विलायती कारखानदारांनी ४६५ आणि ४७० अशी नवी मापे काढून आपल्या गिऱ्हाइकांची सोय लावली. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या कारखान्यात जी ३१५ बोअरची शिकारी रायफल बनू लागली तिच्याही मुळाशी हेच कारण: लष्कराचे ३०३ माप सामान्यांस वर्ज्य, म्हणून शेजारचे दुसरे माप. तिची गोळी २४४ ग्रेनची, सव्वा तोळ्याहूनही थोडी जड. इकडे देवरी, सालेकसा, अर्जुनीकडच्या शेतकऱ्याच्या वाट्यास काय आले? धानाच्या राखणीसाठी मिळालीच तर ठासणीची एकनळी बंदूक. तिच्यात बारीक छर्रे वा हाताने ओतलेली गोळी, आणि एक बार उडाला की दुसरा भरीपर्यंत रानडुक्कर नाहीतर अस्वल अंगावर. पुस्तकांत ग्रेनचा वाद चालला होता, त्या वेळी ज्याच्या पिकावर व जिवावर खरोखर बेतलेले होते त्याला वजन निवडण्यास वावच नव्हता. जखमी जनावरे अशा बंदुकीने अधिक होत, हा दोष त्याच्या माथी मारणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

परंतु जड गोळीच्या पुरस्कर्त्यांचा सर्वांत मोठा दोष याहून निराळा होता. त्यांनी हिशेब केला तो एका जनावराचा. हे सांबर तडफडू नये, हा वाघ जखमी होऊन निसटू नये, येथवर त्यांची दया पोहोचली. असे किती वाघ व किती सांबरे मारल्यावर रान रिकामे होईल, हा बेरजेचा प्रश्न तराजूच्या पारड्यात कधी घातलाच गेला नाही. रेल्वे आली तेव्हा हा प्रश्न तातडीचा झाला. नागपूरहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग व त्यास गोंदिया येथे मिळणारा जबलपूरचा, १९०३ ते १९०५ च्या दरम्यान सुरू झालेला अरुंद मार्ग, यांमुळे पूर्वी आठवडाभराच्या मजलेचे रान एका रात्रीच्या प्रवासाइतके जवळ आले. त्यामागून मोटार आली, दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आली, रात्री झोत टाकणारे दिवे आले. गोळी पूर्वीपेक्षा अचूक व खोल जाणारी झाली होती. म्हणजे प्रत्येक बार पूर्वीपेक्षा निश्चित प्राण घेऊ लागला. एका जनावरास जे वरदान तेच साऱ्या कळपास शाप ठरले.

गोंदियाच्या उत्तरेस बालाघाट व मंडला जिल्ह्यांत पसरलेल्या कान्ह्याच्या रानात बारशिंग्यांची संख्या १९३८च्या सुमारास तीन हजारांच्या घरात होती असा अंदाज दिला जातो. १९७० साली तेथे ६६ उरले. सर्व दोष गोळीचा नव्हे. कुरणांचा ऱ्हास व रोग यांचाही त्यात वाटा होता. मध्य प्रांतांतील वनाधिकारी डनबार ब्रँडर याने १९२३ साली या भागातील वन्य प्राण्यांवर जो ग्रंथ लिहिला तो आज वाचताना, तो एका शिकाऱ्याचा असूनही, एखाद्या मोडत्या घराच्या सामानाची यादी वाचावी तसा वाटतो. १९१२चा संरक्षण कायदा, राखीव रानांतील शिकारीचे नियम, परवान्यांवरील मर्यादा, हे सर्व उपाय होते. पण त्यांचा हेतु बहुतांशी शिकार टिकावी हाच होता. रान स्वतःच्या हक्काने टिकावे हा विचार कायद्यात यावयास १९७२ साल उजाडले. त्याच्या आधी दोन वर्षे, १९७० साली, वाघाच्या शिकारीस देशभर बंदी झाली आणि त्याच साली नागझिऱ्याचे सुमारे १५३ चौरस किलोमीटर रान अभयारण्य झाले. १९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले. २०१३ च्या अखेरीस दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात राहून आले ते बंदूक घेऊन नव्हे, निरीक्षणाची वही घेऊन. त्या रानाचेच नाव त्यांनी आपल्या पुस्तकास दिले. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावात वर्षे घालवली आणि तेथल्या पक्ष्यांची व लोकांची भाषा मराठीत आणली. एका पिढीत रानाकडे पाहण्याची दृष्टि किती पालटली हे यावरून दिसते.

मग हा सारा वाद आता केवळ जुन्या कागदांत राहिला म्हणावे काय? आम्हास तसे वाटत नाही. बंदूक गेली, पण रान आणि शेत यांची सीमा तशीच आहे, आणि रानडुक्कर आजही धान तुडवते. बंदुकीची जागा आता पुष्कळ ठिकाणी विजेच्या तारेने घेतली आहे. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ नावाचा वाघ २०१३ साली उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानात गेला आणि त्याच्या आकारामुळे देशभर नावाजला. २०१६ साली तो नाहीसा झाला. त्याचा बछडा ‘श्रीनिवास’ २०१७ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने मेला. तारेस ग्रेन नाही, बोअर नाही, नेम नाही. ती सांबर, वाघ, घरचा बैल आणि वाट चुकलेला शेजारी यांत भेद करीत नाही. आणि ती लावणारा त्या वेळी घरी झोपलेला असतो. चाप ओढणारा शिकारी निदान समोरच्या जिवाकडे पाहत असे. त्यास आपल्या कृत्याचा परिणाम डोळ्यांनी पाहावा लागे, आणि त्या पाहण्यातूनच गुंजा-गुंजांचा तो सारा विचार जन्मास आला होता. तार लावणाऱ्यास दोष देणे सोपे आहे. परंतु ज्याच्या राखणीची काहीच व्यवस्था झालेली नाही, ज्यास नुकसानीच्या भरपाईसाठी कागद घेऊन हेलपाटे घालावे लागतात, तो आपल्या हाताशी असलेला उपाय करतो. पूर्वी त्याच्या हाती ठासणीची बंदूक होती, आता तार आहे. निवड तेव्हाही त्याची नव्हती.

आज आपल्या देशात घरी काडतुसे भरणे परवान्यावाचून गुन्हा आहे, वन्य प्राण्यांची शिकारही गुन्हा आहे, आणि दोन्ही कायदे योग्य आहेत. फोर्सिथ व बेकर यांची बंदूक आपणास नको. पण त्यांच्या मेजावरचा तराजू मात्र टाकून देण्यासारखा नाही. आपल्या कृतीने दुसऱ्या जिवास किती वेदना होईल, हे आधी मोजून मग हात उचलावा, एवढे ते शिकले होते. त्यांनी जे मोजले नाही ते आपण मोजले पाहिजे. रानाच्या कडेस राहणाऱ्या शेतकऱ्याचे बुडालेले धान एका पारड्यात आणि रानातील जीव दुसऱ्या पारड्यात घालून त्यांचा न्याय्य तोल साधणे, हे काम गोळी भरण्याहून अवघड आहे, आणि ते एकट्या शेतकऱ्यावर टाकता येणार नाही. नागझिऱ्याचा वाघ पाहण्यास दुरून जाणाऱ्या आपणा सर्वांकडून त्या पारड्यात काही पडावयास हवे.